परदेशी निघताना घरातली भांडीकुंडी

आपल्या जुन्नर-आंबेगावात घर हलवणं नवं नाही. डिंभे धरणाच्या पाण्यात जुनं आंबेगाव गेलं, तेव्हा अख्खी घरं उचलावी लागली. आता लेक परदेशी स्थिरावतो, मागून सून-नातवंडं निघतात. विमानात सामान न्यायचं ते मोजूनमापून. मग उरलेल्याचं काय?

आमच्या गटातल्या एकीकडे शेवटच्या चार दिवसांत भंगारवाला बोलावला. तांब्याचा बंब, पितळी घागर, कळशी, सगळं एकाच काट्यावर, एकाच भावानं गेलं. तांबं पितळेपेक्षा महाग, हे घाईत कुणाला सुचलंच नाही. घागर सासूबाईंच्या माहेरची, नाव घातलेली. त्या लेकीकडे राहायला जाणार होत्या. त्यांना कुणी विचारलंही नाही. आम्ही वर्गणी काढून घागर सोडवून आणली. बंब मात्र गेला तो गेलाच.

तेव्हा बायांनो, दोन महिने आधी सुरुवात करा. मागे राहणाऱ्या बाईला आधी विचारा. तांबं, पितळ, लोखंड वेगवेगळं तोला, काटा शून्यावर आहे का बघा. मोठी पातेली, कढया, झारे गटानं विकत घ्यावेत, कार्याला लागतातच. घर बंदच होणार असेल तर गॅस शेजारणीला तसाच देऊ नका. सिलिंडर, रेग्युलेटर एजन्सीत जमा करून कागद घ्या. अनामत भरलेली असेल तर परत मिळते.

जात्याला मात्र गिऱ्हाईक नाही. त्या घरचं जातं आम्ही बैठकीच्या खोलीत आणून ठेवलंय. लग्नघरची माणसं हळद दळायला मागून नेतात.