रक्ताचा कर्करोग : निदान वेळेवर, उपचार अखेरपर्यंत



हिंगोली जिल्हा हा हळदीचा जिल्हा. माघ-फाल्गुन लागला की वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव आणि हिंगोली या पाचही तालुक्यांच्या शिवारांत हळदकाढणीची धांदल सुरू होते. हळद शिजते, वाळते, आणि घरातील लहानथोर सारेच त्या कामाला जुंपले जातात. अशा दिवसांत एखाद्या सहा-सात वर्षांच्या मुलास ताप आला, तर तिकडे फारसे लक्ष जात नाही. ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. मूल फिकट दिसू लागते, खेळता खेळता बसून राहते, पाय दुखतात म्हणून रात्री रडते. अशक्तपणा असेल म्हणून सलाईन लावले जाते, शक्तिवर्धक औषधाची बाटली आणली जाते. पुढे हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळसर डाग उठतात आणि मग कोठे रक्ताची तपासणी होते. तिच्यातून जो शब्द पुढे येतो, त्याने सारे घर हादरते. तो शब्द म्हणजे रक्ताचा कर्करोग.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ मृत्यू असाच होता. आज तसे राहिलेले नाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा प्रकार घेतला, तर जगातील उत्तम केंद्रांत पूर्ण उपचार घेणाऱ्या दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुले आज जगतात. संशोधनाने एवढी मजल मारली आहे. मात्र त्याचे फळ गावातील मुलाच्या पदरात पडावयाचे, तर निदान वेळेवर झाले पाहिजे आणि उपचार अखेरपर्यंत घेतले पाहिजेत.

रोगाचे स्वरूप

आपले रक्त हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होते. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी झुंजतात, आणि बिंबिका रक्तस्राव थांबवितात. ल्युकेमियात अस्थिमज्जेतील अपक्व पांढऱ्या पेशी अनिर्बंध वाढतात आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. म्हणून चेहरा फिकट पडतो, ताप हटत नाही आणि रक्त वाहू लागते. लिम्फोमा हा त्याच कुळातील रोग. परंतु तो बहुधा मान, काख, जांघ अशा ठिकाणच्या लसीकाग्रंथींत सुरू होतो. तेथे न दुखणारी गाठ येते. कधी तिच्याबरोबर रात्री घाम सुटतो आणि वजन घटते. हे रोग संसर्गजन्य नाहीत. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करण्याचे कारण नाही, आणि आईबापांच्या हातून काही चुकले म्हणून हा रोग झाला असे मानण्यासही आधार नाही.

मुंबईच्या गिरणगावातून

या रोगावरील औषधाच्या कथेची सुरुवात मुंबईत झाली, हे अनेकांस ठाऊक नसेल. सन १९२८ मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईस आल्या. गिरणी कामगार वस्तीतील गर्भवती स्त्रियांना जडणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचे कारण त्या शोधीत होत्या. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. आजही गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत गर्भवतींना लोहाबरोबर त्याच्याच गोळ्या दिल्या जातात.

रक्तपेशींच्या वाढीस फॉलिक आम्ल लागते, तर ते तोडल्यास बेफाम वाढणाऱ्या पेशींची उपासमार होईल, असा विचार अमेरिकेतील बॉस्टन शहरी सिडनी फार्बर यांनी केला. त्यासाठी लागणारे फॉलिक आम्लाचे विरोधी द्रव्य ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिच्या संशोधनाची सूत्रे आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. सन १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांवरील उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांत रोग मागे हटला होता. तो पुन्हा उलटला, हे खरे. परंतु या रोगास मागे रेटता येते, हे प्रथमच दिसून आले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही मुलांच्या उपचारांत वापरले जाते.

परळ ते खारघर

मुंबईतील परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथे व्ही. आर. खानोलकर यांनी कर्करोग संशोधनाचा पाया घातला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी प्रयोगशाळेत पेशी वाढविण्याचे शास्त्र येथे रुजविले आणि ल्युकेमियासह अनेक कर्करोगांचा अभ्यास केला. निवृत्तीनंतर याच विदुषी अहमदनगर जिल्ह्यातील ग्रामीण व आदिवासी स्त्रियांच्या आरोग्यासाठी झटल्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सन १९८३ मध्ये याच रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी एका बालिकेवर तिच्या भावाची अस्थिमज्जा वापरून देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. डॉ. अडवाणी यांना स्वतःला बालपणी पोलिओ झाला होता. मुलांच्या ल्युकेमियात त्या काळी पाचांतील एखादेच मूल वाचत असे. येथील डॉक्टरांनी अमेरिकेतील डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने आपल्या परिस्थितीस झेपेल अशी औषधयोजना आखली. मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथे ती राबविल्यावर निम्म्याच्या आसपास मुले बचावू लागली. जी दगावली, त्यांतील काही रोगाने नव्हे, तर जंतुसंसर्गाने दगावली. उपचारांइतकेच स्वच्छतेला आणि पोषणालाही महत्त्व आहे, हा धडा त्यातून मिळाला.

दीर्घ मुदतीच्या मायलॉइड ल्युकेमियाची कथा याहून निराळी. त्याच्या पेशींतील विकृत गुणसूत्र १९६० साली सापडले, आणि नेमक्या त्याच दोषावर काम करणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली बाजारात आली. या औषधावरील पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग निर्वेध झाला. रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षे नेहमीसारखे काम करणारे रुग्ण आज दिसतात.

अलीकडचा टप्पा खारघर आणि पवई येथील. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी बाहेर काढावयाच्या, कर्कपेशी ओळखण्याचे गुण त्यांच्या अंगी आणावयाचे आणि त्या पुन्हा शरीरात सोडावयाच्या, ही ती पद्धत. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. अन्य उपचारांस दाद न देणाऱ्या बी-पेशींच्या ल्युकेमिया व लिम्फोमाच्या रुग्णांवरील चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांना त्याचा गुण आला. परदेशात कोट्यवधी रुपये लागणारा हा उपचार येथे त्याच्या अल्पांश खर्चात होऊ लागला. तरीही ती रक्कम सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचीच आहे. म्हणूनच ती वेळ न येऊ देणे, हेच शहाणपणाचे.

गावात काय करावे

दोन आठवड्यांहून अधिक काळ न हटणारा ताप, वाढता फिकटपणा, अंगावरील डाग, हाडांतील वेदना, न दुखणारी आणि वाढत जाणारी गाठ, यांपैकी काहीही दिसल्यास रक्तपेशींची मोजणी करावी आणि रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा. ही तपासणी साधी आणि स्वल्प खर्चाची आहे. संशय बळावल्यास अस्थिमज्जेची तपासणी मोठ्या रुग्णालयात होते.

दोन चुका विशेषेकरून टाळावयास हव्यात. निदान होण्यापूर्वी स्टेरॉइडची इंजेक्शने किंवा गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी ताप आणि गाठ काही काळ ओसरते, परंतु रोग झाकला जातो आणि पुढील निदान कठीण होऊन बसते. दुसरी चूक म्हणजे मानेची प्रत्येक गाठ क्षयाची समजणे. क्षयाचे औषध सुरू करण्यापूर्वी गाठीची तपासणी झालीच पाहिजे. हळदीतील करक्युमिनवर प्रयोगशाळांतून पुष्कळ अभ्यास झाला आहे. परंतु हळद घेऊन रक्ताचा कर्करोग बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

उपचार मध्येच सोडू नयेत

सर्वांत मोठा धोका मात्र रोग बरा झाल्यासारखा दिसतो तेव्हा असतो. औषध सुरू झाल्यावर महिनाभरात मुलाच्या चेहऱ्यावर तेज येते, ते हसू-खेळू लागते. तिकडे शेतात पीक उभे असते, पैसा संपत आलेला असतो, आणि कुटुंब गावी परतते. परंतु शरीरात लपलेल्या कर्कपेशी संपलेल्या नसतात. त्यांचा नायनाट करण्यासाठी दोन ते तीन वर्षे औषध चालू ठेवावे लागते. मध्येच सोडलेला रोग उलटतो, आणि उलटलेला रोग पहिल्याहून हट्टी असतो. हळद अर्धी शिजवून चालत नाही, हे हिंगोलीच्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

यासाठी साहाय्यही उपलब्ध आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे त्याची माहिती मिळते. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईस जावे लागल्यास रेल्वेभाड्यात सवलत मिळते, आणि दादर येथे गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत रुग्ण व नातेवाइकांची सोय होते. हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. तेथे शिकणारे तरुण डॉक्टर उद्या याच तालुक्यांत काम करू लागतील.

प्रयोगशाळांनी आपले काम बरेचसे पार पाडले आहे. उरलेले काम आशा कार्यकर्ती, शिक्षक, सरपंच आणि शेजारी यांचे आहे. फिकट पडलेल्या मुलाला रक्ततपासणीसाठी पाठवावे, आणि त्याचे आईबाप मुंबईस असताना त्यांची हळद शेजाऱ्यांनी काढून द्यावी. एवढे झाले, तर ते मूल दोन-तीन वर्षांनी पुन्हा शाळेच्या वर्गात बसलेले दिसेल.