दुष्काळ आणि उभारी

दुष्काळाने एखाद्या गावाचे काय केले हे पाहायचे असेल, तर पुढच्या मृगाला त्या गावी जावे. कोणाच्या दावणीला बैल उरले आहेत, कोणाच्या घरात बियाणे आहे, एवढे विचारावे. माणसे जगली ही मोठी गोष्ट खरी. पण जगलेल्या माणसाला पुन्हा पेरता आले पाहिजे. मी उभारी म्हणतो ती याला.

शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. कालव्याकाठी ऊस उभा असतो. जिरायती गावातली बाजरी नि मटकी मात्र आभाळावर अवलंबून. "आमची माणसं मोठी सोशीक," असे आपण कौतुकाने म्हणतो. हे कौतुक जरा जपून करावे. सोशीकपणाचे गोडवे गायले की ज्याने मदत करायची तो निर्धास्त होतो.

मागची गोष्ट पाहा. 1875 साली सुप्याला, म्हणजे त्या वेळच्या भीमथडी तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. ते लोण शिरूरकडेही पोचले. लागलीच 1876 मध्ये दुष्काळ पडला. 1877 साली रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुरीचा हिशेब दिवसाला एक पौंड धान्यावर आणला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. आधीच कर्जात बुडालेला माणूस एवढ्यावर उभा कसा राहणार?

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. खडी फोडणे, बांधबंदिस्ती, पाझर तलाव अशी कामे निघाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा 1977 साली कायदा झाला, 1979 पासून तो अमलात आला. काम मागणे हा हक्क ठरला. गावाजवळ काम आणि वेळेवर मजुरी मिळाली, की बैल बाजारात न्यावे लागत नाहीत, पोराचे नाव शाळेतून काढावे लागत नाही. बांधलेला तलाव चांगला असला तर पुढे विहिरीला पाणी राहते. पण मजुरी रखडली, की तोच मजूर पुन्हा सावकाराच्या दारी!

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आधीची तयारी हेही सरकारचे काम ठरवले, जिल्ह्याजिल्ह्याचे आराखडे करायला सांगितले. त्या आराखड्यात आपले गाव नीट उतरले पाहिजे. म्हणून गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. मोठ्या मुलांना घेऊन एक वही घाला. दिवाळीनंतर दर महिन्याला विहिरींचे पाणी किती हात उरले, गुरे किती, कोणत्या घरी हाताला काम नाही, हे तीत लिहा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. पाणी आटण्याआधी मागणी करायला ती उपयोगी पडेल.

आणि मृगाचा पाऊस झाला म्हणून वही मिटू नका. कोणाची पेरणी राहिली आणि कशामुळे, तेही लिहा. मदतीचे काम तिथपर्यंत चालले पाहिजे.