माशी परत आली, काडी नाही

मागे गाज ऐकू येतेय ना? आज मी मालवणात, आजीच्या खळ्यात बसून बोलतोय. समोर बांगडे वाळत घातलेत, आणि त्यांच्यावर अर्थातच माश्या.

लहानपणी इथेच आजी ओरडली होती, "अरे बघ, काडी चालता!" पेरूच्या फांदीवर खरंच एक काडी पाय टाकत निघाली होती. तो काडीकिडा. माशी काय, तो काय, दोघेही सहा पायांचे कीटक. पण जगायची रीत अगदी उलटी.

माशी म्हणजे घाई. तिला पंखांची एकच जोडी. मागच्या जोडीचे दोन चिमुकले दांडे झालेत, ते उडताना तोल सांभाळतात. आपला हात तिला जणू स्लो मोशनमध्ये येताना दिसतो, म्हणून तो पोचायच्या आत ती पसार. चव घेते ती पायांनी. एका वेळी शंभरेक अंडी. मग अळी, मग कोष, आणि गरमीत आठ-दहा दिवसांत नवी माशी तयार.

काडीकिडा म्हणजे धीर. बऱ्याच जातींना पंखच नसतात. दिवसा गप्प, वारा आला की फांदीसारखा डुलायचं, रात्री पानं खायची. अळी नाही, कोष नाही. पिल्लूसुद्धा छोटी काडीच. काही जातींत मादीला पिल्लांसाठी नरही लागत नाही. अंडी बियांसारखी, एकेक करून खाली पातेऱ्यात पडतात. त्यातून पिल्लू यायला कित्येक महिने जातात.

आता माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी साफसफाई म्हणून मी गडग्यालगतची झुडपं तोडली, पातेरा पेटवून दिला. माश्या आठवड्याभरात हजर. काडी मात्र तेव्हापासून दिसली नाही. दिसणार कशी? पळायला पंख नाहीत, आणि अंडी असतील ती त्याच ढिगात.

आपण 'स्वच्छ' केलेल्या जागेत माशीचं काही अडत नाही. लपून जगणाऱ्याला मात्र लपायला जागा लागते.

यंदा पेरूखालचा पातेरा तसाच ठेवलाय. रात्री मोबाईलचा टॉर्च घेऊन फांद्या बघतो. आत आलो की आजी विचारते, "गावली रे काडी?"

अजून नाही.

तुमच्या परसात दिसली तर फोटो काढा, हात लावू नका, आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!