आजारपणाची बोलणी घरात आधीच व्हावीत
(वर्षावास व्याख्यानमालेत विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कोणी धम्माचे अभ्यासक नव्हे, बँकेतले कारकून. म्हणून काउंटरवर जे दिसते तेथूनच सुरुवात करतो. एखादा मुलगा वडिलांचे पासबुक घेऊन येतो. वडील अतिदक्षता विभागात, बेशुद्ध. "नॉमिनी मीच आहे, पैसे द्या," म्हणतो. त्याला सांगावे लागते की बाबा रे, नॉमिनीचा हक्क खातेदार गेल्यानंतरचा; तुझे वडील तर हयात आहेत. माणूस जिवंत आहे पण बोलू शकत नाही, या मधल्या काळाची तरतूद आपल्याकडे सहसा कोणी करीत नाही. पैशाची नाही आणि उपचारांची तर नाहीच नाही.

इतरांना शहाणपण सांगणारे आम्हीही त्यातलेच. आमचे वडील एस.टी.त मेकॅनिक होते. 2019 साली मेंदूत रक्तस्राव होऊन ते अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सुधारणेची आशा नसल्याचे सांगितले आणि विचारले, पुढे काय करायचे? धाकटा भाऊ म्हणाला, शेवटपर्यंत सर्व करायचे, नाहीतर समाज म्हणेल पोरांनी बापाला सोडले. ताई म्हणाली, त्यांचे हाल पाहवत नाहीत. थोरले म्हणून आमच्याकडे सर्वांचे डोळे, आणि आम्ही गप्प. आईला मात्र कोणी विचारलेच नाही. जलदानविधी झाल्यावर एके रात्री ती म्हणाली, "नळ्या लावून पडायचं नाही मला, असं ते कितीदा म्हणायचे." आम्ही म्हणालो, "आई, मग तेव्हा का बोलली नाहीस?" तर म्हणे, "तुम्ही शिकलेले. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल." भाऊ आणि ताई यांच्यात त्या अकरा दिवसांनी जी अढी बसली, ती अजून पुरती सुटलेली नाही.

मरणाच्या गोष्टी घरात काढणे अभद्र, हा समज आपण कोठून आणला कोण जाणे. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात तर अनित्यता ही पहिल्या पाठाची गोष्ट. अंगुत्तर निकायात नकुलपित्याची हकीकत आहे. भग्ग देशातील सुंसुमारगिरीचा हा गृहस्थ कठीण आजाराने अंथरुणाला खिळला. पत्नी नकुलमाता जवळ बसून त्याला सांगते की मनात काळजी ठेवून जाऊ नका. मुले कशी पोसेन असे वाटत असेल, तर मला सूत कातता येते, लोकर विंचरता येते. दुसरे घर करीन असे वाटत असेल, तर तसे होणार नाही. धम्मावरची माझी श्रद्धा कमी होईल, अशीही शंका नको. एकेक धास्ती तिने उघड बोलून दूर केली. पुढे तो बरा झाला, काठी टेकीत भगवंतांकडे गेला, आणि अशी पत्नी लाभली हा तुझा मोठा लाभ असे भगवंत त्याला म्हणाले. मरणाचा विषय काढल्याने मरण येते असे मानणाऱ्यांनी हे सुत्त जरूर वाचावे.

आता कायद्याचे. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्कात सन्मानाने मरण्याचा हक्कही येतो असे ठरवले आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी, ही अट जाचक ठरली. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ती गेली. आता सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीने दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यावी. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावे त्यात घालता येतात. एकापेक्षा अधिकही चालतात. एक प्रत त्यांना, एक घरच्या डॉक्टरांना, एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे. मन बदलले तर लेखी रद्द करता येते. कागद आहे म्हणून कोणी लगेच यंत्र बंद करीत नाही. आधी रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे मंडळ, मग तीन डॉक्टरांचे दुसरे मंडळ पाहते, आणि दोघांचे एकमत झाल्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून मगच अंमल होतो. इच्छापत्र नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हाच मार्ग मोकळा असतो. 2019 साली आम्हांला यातले अक्षरही ठाऊक नव्हते.

पाणातिपाताचे काय, असे एका ज्येष्ठ उपासकांनी मागच्या रविवारी विचारले. प्रश्न रास्त आहे. विषाची सुई देऊन मारणे या निकालातही बसत नाही. तो गुन्हाच आहे. येथे मारण्याची चेतना नाही, लांबवलेले मरण लांबवीत न राहणे एवढेच आहे. आणि यंत्र थांबले म्हणजे शुश्रूषा थांबली असे नव्हे. वेदना कमी करणे, तोंड ओले ठेवणे, जवळ बसणे हे चालूच राहते. रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा, असे भगवंतांनी भिक्खूंना बजावले होते. ज्यांना मात्र शेवटच्या क्षणापर्यंत सर्व उपचार हवे आहेत, त्यांनीही तसे लिहावे. तीही इच्छाच आहे, आणि पैशाअभावी ती मोडावी लागू नये ही काळजी आपल्या सोसायटीने वाहायची आहे.

विद्यार्थ्यांना एक सांगतो. घरात हा विषय तुम्ही काढा, पण फॉर्म पुढे करून नव्हे. कोणाच्या पुण्यानुमोदनाहून परत आल्यावर आजी-आजोबा आपणहून बोलतात, तेव्हा टीव्ही बंद करून ऐका. कुठे मरायला आवडेल, कोणते दुखणे सोसवणार नाही, तुमच्या वतीने कोणी बोलावे, एवढे विचारले तरी पुष्कळ झाले. नेत्रदान करायचे का, विधी कोणत्या पद्धतीने व्हावा, हेही त्यातच निघते. गावचे भाऊबंद आले की जुन्या रूढी दारातून आत शिरतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आमच्या आईचे इच्छापत्र गेल्या वर्षी झाले. ताई आणि भाऊ, दोघांची नावे तिने मुद्दाम एकत्र घातली. नोटरीसमोर वाचून दाखवले तेव्हा म्हणाली, "त्रिशरण नातीनं म्हणावं, हे राहिलं की." ते हाताने वाढवून तिची आद्याक्षरे घेतली. मूळ कागद घरी रेशनकार्डाच्या डब्यात आहे. कोरा नमुना विहाराच्या ग्रंथालयातील कपाटात ठेवला आहे, ज्यांना हवा त्यांनी प्रत काढून घ्यावी.

जयभीम. नमो बुद्धाय.