घरातील निगा : काल आणि आज

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने बदललेल्या काळाविषयी काही बोलावे, अशी सूचना संयोजकांनी मला केली. विषय मोठा आणि माझा अधिकार लहान. म्हणून मी घराच्या उंबऱ्याच्या आतच थांबणार आहे. आपल्या घरांतून काही कामे नाहीशी झाली. ती बंद करा असे कोणी सांगितले नाही आणि त्यांना कोणी निरोपही दिला नाही. त्या कामांविषयी, आणि ती नेमकी कोणाच्या वाट्याची होती याविषयी, आज दोन शब्द सांगावेत असे वाटते.

शिरोळ तालुक्यातील आमच्या घरी वीज आली ती १९६८ साली. तोपर्यंत घरात तीन कंदील होते. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकत असल्यामुळे स्वयंपाकघराला दिव्याची फारशी गरज नसे. एक कंदील गोठ्यात, एक सोप्यात आणि एक आम्हा मुलांच्या अभ्यासाला. ओगलेवाडीच्या कारखान्यातील ‘प्रभाकर’ कंदील त्या काळी घरोघरी दिसे, तसा तो आमच्याकडेही होता. शाळा सुटली की काचा पुसणे हे माझे काम. चुलीतील बारीक राख फडक्यावर घ्यायची आणि काचेत हात घालून आतील काजळी पुसायची. मोठ्या माणसाचा पंजा काचेत जात नाही, लहान मुलाचा जातो. हे काम मुलांकडे येण्याचे कारण एवढे साधे होते. मग वातीचा जळका शेंडा कात्रीने सरळ कापायचा. वात तिरपी कापली गेली की ज्योत एका अंगाला जीभ काढते आणि पुसलेली काच घटकाभरात काळवंडते. दहा वर्षांच्या मुलाला हे ठाऊक असे, कारण त्याची शिक्षा त्यालाच त्या रात्री पुस्तक वाचताना भोगावी लागे.

स्टोव्ह हे वडिलांचे खाते. स्वीडनमधील लिंडक्विस्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेली ही रचना मोठी चतुर आहे. पंपाने भरलेल्या हवेच्या दाबामुळे रॉकेल वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून बाहेर पडून निळ्या ज्योतीने जळते. छिद्रात काजळी अडकली की पिन मारायची. पंपाचा चामडी वॉशर सुकला की हवा धरत नाही, मग त्याला तेलाचे बोट लावायचे. रविवारी सकाळी वडील अंगणात जुने वर्तमानपत्र पसरून स्टोव्ह उघडून बसत. आई चार वेळा येऊन विचारी, ‘‘अहो, झाला का?’’ आणि ते चारही वेळा ‘‘होतोय’’ म्हणत.

पण खरा सोहळा कल्हईचा. दिवाळीच्या आधी कल्हईवाला गल्लीत येई. पातेली, टोप, परात डोक्यावर घेऊन थोरले बंधू पुढे आणि लहानसहान भांडी घेऊन मी मागे. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेची आमटी असे आंबट पदार्थ ठेवले की ते कळकतात. आम्लामुळे तांबे अन्नात उतरते आणि ते पोटाला बाधते. म्हणून आतून कथलाचा पातळ लेप हवा. कल्हईवाला जमिनीत खड्डा करून भट्टी लावी, त्याचा पोरगा भाता चालवी. आधी भांडे घासून लख्ख करायचे, मग निखाऱ्यांवर तापवून आत नवसागराची पूड टाकायची. पांढरा, नाकात झोंबणारा धूर उठे. नवसागरामुळे धातूवरचा गंज निघून जातो आणि मगच कथील त्याला धरते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तापलेल्या भांड्याला त्याची कांडी नुसती टेकवली तरी पुरे. मग कापसाच्या बोळ्याने एक सफाईदार गिरकी, आणि काळेकुट्ट भांडे आतून चांदीसारखे होई. पाण्यात बुडवताना होणारा चर्र आवाज आजही माझ्या कानांत आहे. कल्हई कधी उतरली हे आई बुडाकडे पाहून सांगे. पांढऱ्यातून पिवळे किंवा तांबूस डोकावू लागले की त्या भांड्यात ताक घालायचे नाही, असा तिचा दंडक होता.

पुढे पोलादाची भांडी आली. जुने कपडे घेऊन बोहारीण दारात बसू लागली आणि एकेक करून डबे, ताटे, पातेली घरात शिरली. न गंजणाऱ्या पोलादाचे श्रेय शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांना देतात. १९१३ सालची ही गोष्ट. या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा अतिशय पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तर तो थर आपोआप पुन्हा धरतो. म्हणजे कल्हईवाला गल्लीतून गेला खरा, पण तो भांड्यातच राहायला आला आणि क्षणोक्षणी फुकट कल्हई करू लागला! तंत्रज्ञानाचा याहून सुंदर दाखला मला ठाऊक नाही. ज्या कल्हईवाल्याचे पोट त्यावर होते, त्याचे पुढे काय झाले, हे मात्र आमच्या घरात कोणी कधी विचारले नाही.

आता मुद्द्याकडे वळतो. वीज आली आणि माझे काम संपले. गॅस आला आणि वडिलांचा रविवार मोकळा झाला. पोलाद आले आणि बंधूंच्या डोक्यावरील परात उतरली. आईचे काय झाले? भांडी पोलादाची झाली तरी ती घासावी लागतच होती. राखेच्या जागी पावडर आली, हात तेच राहिले. उलट, भांडी स्वस्त झाली तशी ती वाढली. रूथ श्वार्त्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार विदुषींनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ हे पुस्तक लिहिले. घरात यंत्रे आली तेव्हा प्रामुख्याने पुरुषांच्या व मुलांच्या वाट्याची कामे सुटली आणि गृहिणीचे काम होते तसेच राहिले, असे त्यांनी अमेरिकेतील घरांविषयी दाखवून दिले. ते वाचताना मला आमचा सोपा दिसत होता.

याला अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत. पहाटेचे जाते गेले, विहिरीवरून घागरी आणणे गेले. त्या यातनांतून स्त्रिया सुटल्या हे फार चांगले झाले. जात्यावरच्या गाण्यांविषयी हळहळणाऱ्यांनी एक पायली जोंधळे दळून पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्यापुरते सांगतो. २०१३ साली माझ्या पत्नीचे मनगट मोडले आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. मी सेवानिवृत्त, घरात आम्ही दोघेच. पहिल्या संध्याकाळी भांड्यांच्या ढिगासमोर उभा राहिलो, तेव्हा ध्यानात आले की घरातील एखाद्या वस्तूची निगा मी शेवटची राखली ती कंदिलाची काच. मधली पंचेचाळीस वर्षे माझ्याकडे काहीच नव्हते. कोणी माझ्याकडून काम काढून घेतले नव्हते. एक काम संपले, दुसरे मी मागितले नाही, आणि याचा मला कधी संकोचही वाटला नाही.

पत्नी खुर्चीवर बसून शिकवू लागली. भांड्यांचे जमले. पाणी गाळण्याचे मात्र जमेना. आमच्याकडे जलशुद्धीकरण यंत्र आहे, त्याची निगा वर्षाच्या करारावर एक तंत्रज्ञ येऊन राखतो. तरीही नळाला दुपदरी कापड असतेच. पहिल्याच दिवशी मी ते धुऊन सवयीने पिळायला गेलो. ‘‘अहो, पिळू नका ते!’’ ती जवळजवळ ओरडली. त्यात अडकलेले सूक्ष्म जीव चिरडतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. हाताला ते ठाऊक नव्हते. आमची आजी ते कापड उलटे करून गाळलेल्या पाण्याने धूत असे आणि ते धुवण बादलीने पुन्हा त्याच विहिरीत सोडत असे. तिसऱ्या मजल्यावरील नळाच्या पाण्यातील जीव कोणत्या विहिरीत सोडायचे, हा प्रश्न मी पत्नीला विचारला. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, ‘‘गच्चीवरच्या टाकीत.’’

तेव्हापासून ते कापड माझ्याकडे आहे. रोज सकाळी जिना चढून टाकीपर्यंत जातो, गुडघे कुरकुरतात. माझ्या कामावर तिचा अजून पुरता विश्वास नाही. मी खाली आलो की ती कापडाचे दोन्ही पदर उजेडात धरून एकदा पाहून घेते.