दुधाची दाढ किडली, तर उपाय कोणता ?



कळवण तालुक्यांतील एखाद्या आदिवासी पाड्यावरची चार वर्षांची मुलगी डोळ्यांपुढें आणा. तिच्या मागच्या दाढेंत खळगा पडला आहे. ती अजून दुखत नाहीं. आईबाप मजुरीवर जाणारे. नाशिकची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. तेव्हां "दुधाचे दांत ते, पडावयाचेच !" असें म्हणून विषय संपतो. आपल्या सुशिक्षित घरांत तरी निराळें काय घडतें ?

परंतु मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. म्हणजे त्या मुलीला ही दाढ आणखी सहा-सात वर्षें हवी आहे.

कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेपासून आम्ल बनवितात आणि तें दांताचें कवच विरघळवितें. ती किती खोल गेली, यावर उपाय ठरतो. नुसता पांढरा डाग असेल, तर फ्लोराइडचा लेप देतात. खळगा पडला, पण ठणका नाहीं, अशा वेळीं तीन मार्ग आहेत. पहिला, 'सिल्व्हर डायामाइन फ्लोराइड' हें द्रावण लावणें. त्याला सुई नको, यंत्र नको. कीड बहुधा थांबते. मात्र किडलेला भाग काळा पडतो व द्रावण पुन्हां लावावें लागतें. दुसरा, हातानें कीड खरवडून 'ग्लास आयनोमर' सिमेंट भरणें. लहान खळग्याला तें चांगलें. दोन दाढांमधल्या फटींतील मोठ्या खळग्यांतून तें पुष्कळदां निखळतें. तिसरा, पोलादी टोपी. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नांवाच्या पद्धतींत दाढ न कोरतां टोपी बसवितात. आंतल्या जंतूंना अन्न मिळत नाहीं व कीड थंडावते.

वारंवार येणें ज्यांना अशक्य, त्यांच्या मुलीला टोपी उत्तम. ती न मिळाल्यास द्रावण लावावें. काळ्या डागानें आपण नाक मुरडूं नये. न दुखणारी काळी दाढ ठणकणाऱ्या दाढेहून केव्हांहि बरी. हें द्रावण व सिमेंट दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं अत्यावश्यक औषधांच्या यादींत घातलीं आहेत.

रात्रीं ठणका लागला वा हिरडीवर गळूं आलें, कीं हे सोपे मार्ग बंद होतात. मग दाढेच्या नसेवर उपचार, नाहींतर दाढ काढणें, एवढेंच उरतें.

म्हणून वेळ महत्त्वाची. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें अंगणवाड्यांत येऊन मुलांचे दांतहि पाहतात. त्या दिवशीं मूल घरीं ठेवूं नये. आणि आपण शहरवासीयांनीं आज रात्रींच मुलाचा ओठ उचलून, दिव्याच्या उजेडांत, त्याच्या मागच्या दाढा पाहाव्या.