मक्याच्या सापाची ऊब आणि भूक



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागांत, न्यू जर्सीपासून खालीं फ्लॉरिडापर्यंत, एक देखणा साप आढळतो. अंग नारिंगी, त्यावर काळ्या कडांचे तांबडे डाग, आणि पोटाखालीं बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें काळे-पांढरे चौकोन. लिनीअस या पंडितानें १७६६ सालीं त्याला शास्त्रीय नांव दिलें. त्यांतील ‘गुट्टाटस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ठिपक्याठिपक्यांचा. लोक मात्र त्याला ‘कॉर्न स्नेक’, म्हणजे मक्याचा साप, म्हणतात. कांहींच्या मतें पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून. कांहींच्या मतें मक्याच्या कणग्यांपाशीं उंदीर जमतात आणि उंदरांमागें हा येतो म्हणून. मला दुसरें कारण अधिक पटतें, कारण आपल्याकडील धामणीचा आणि शेतकऱ्याचा संबंधही याच वाटेनें जुळला आहे. धामणीप्रमाणेंच हा साप बिनविषारी. लांबी दोनपासून सहा फुटांपर्यंत.

स्वभावानें गरीब असल्यामुळें तिकडे हा साप घरांत पाळण्याची चाल पडली आहे, आणि तेथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेंही तिला अपवाद नाहींत. आपल्या देशांत नाग, धामण, अजगर इत्यादि साप धरणें वा पाळणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें निषिद्ध आहे. तेव्हां हें भाषण ऐकून कोणीं परसांतला साप पेटींत घालूं नये. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या हिवाळ्याच्या तोंडीं न्यू जर्सीहून विचारलें, “गुरुजी, मुलाच्या सापानें तीन आठवडे अन्नाला तोंड लावलेलें नाहीं. आई म्हणते, वाटींत दूध ठेवा. शेजारी म्हणतो, जबडा उघडून आंत घाला. काय करावें?” मुलगा नऊ वर्षांचा, आणि रात्रीं उठून पेटीपाशीं जाऊन बसत असे. मीं उलट विचारलें, पेटींत ऊब किती आहे? कोणीं मोजलीच नव्हती.

सापाच्या भुकेचा विचार करतांना आपण स्वतःचें पोट प्रमाण धरतों, तेथेंच घोटाळा होतो. आपण जें खातों त्याचा मोठा भाग शरीर ऊबदार ठेवण्यांतच खर्ची पडतो. आपल्या पोटांत एक चूल अहोरात्र पेटलेली असते, आणि तिला सरपण पुरविण्यासाठीं आपणांस दिवसांतून दोनदां पानावर बसावें लागतें. सापाला ही चूल नाहीं. तो ऊब बाहेरून घेतो, उन्हांतून, तापलेल्या दगडांतून, जमिनींतून. त्यामुळें त्याला अन्न फार थोडें लागतें. पण जें खाईल तें पचविण्यासाठींही त्याला ती उसनी ऊब हवी असते. ती न मिळाल्यास पाचक रस मंद होतात आणि गिळलेला उंदीर पोटांत पचण्याऐवजीं कुजूं लागतो. मग साप तो ओकून टाकतो. हें ओकणें साधें नव्हे. त्यांत अन्ननलिका सोलवटते, अंगांतलें पाणी जातें, आणि लहान पिल्लू दोनतीन वेळां ओकलें कीं बहुधा हातचें जातें. एकदां ओकल्यावर निदान दहा दिवस कांहीं देऊं नये, आणि नंतर द्यावयाचें तें नेहमीपेक्षां लहान द्यावें.

पेटी सबंध सारखी तापवूनही चालत नाहीं. एक टोंक सुमारें ८५ ते ८८ अंश फॅरनहाइट आणि दुसरें ७५ च्या आसपास ठेवतात. दोन्हीं टोंकांस लपण्यास एकेक जागा द्यावी लागते. नाहींतर भित्रा साप लपण्यासाठीं थंड बाजूसच राहतो आणि ऊब असून नसल्यासारखी होते. जेवलेला साप उबेकडे जाऊन वेटोळें घालतो, पचन झालें कीं आपण होऊन थंड बाजूस येतो. किती शेकावें हें त्याला आपल्यापेक्षां चांगलें कळतें. आपण निवडीला वाव ठेवला म्हणजे झालें. पेटीखालीं विजेची गरम गादी ठेवतात, पण तिला उष्णता आवरणारें यंत्र, ज्यास थर्मोस्टॅट म्हणतात, तें जोडलेलें नसेल तर ती सापाचें पोट भाजते. विजेनें तापणारे कृत्रिम दगड बाजारांत मिळतात, ते तर घेऊंच नयेत. अंग भाजत असतांही साप पुष्कळदां जागचा हलत नाहीं.

आतां अन्नाकडे वळूं. रानांत अंड्यांतून निघालेलें हातभरही नसलेलें पिल्लू सरडे आणि झाडावरचे बेडूक खातें. मोठा झाल्यावर उंदीर, पक्षी, प्रसंगीं वटवाघूळही. धामण भक्ष्य अंगाखालीं दाबून तसेंच गिळते, हा साप मात्र विळखा घालतो. विळख्यानें श्वास कोंडून प्राणी मरतो असा समज फार दिवस होता. परंतु अमेरिकेंतील बोआ नांवाच्या विळखा घालणाऱ्या सापावर झालेले जे प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांत रक्ताभिसरणच कांहीं सेकंदांत बंद पडत असल्याचें दिसून आलें. नंतर डोक्याच्या बाजूनें गिळणें सुरू होतें. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढें एकमेकांस घट्ट जोडलेले नसल्यानें तोंड रुंदावतें, आणि आंत वळलेले दांत घास मागें जाऊं देत नाहींत.

घरीं पिल्लास दर पांचसात दिवसांनीं उंदराचें एक नवजात पिल्लू, आणि पूर्ण वाढलेल्या सापास दर दहा ते चौदा दिवसांनीं एक मोठा उंदीर पुरतो. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा किंचित् अधिक जाड असावा. जिवंत उंदीर पेटींत सोडूं नये, तो सापालाच कुरतडतो. गोठविलेले उंदीर विकत मिळतात. ते पूर्ण वितळवून, कोमट पाण्यांत ऊब आणून, चिमट्यानें पुढें धरावे. जेवणानंतर दोन दिवस सापाला हातांत घेऊं नये.

येथें आपल्या शाकाहारी घरांची खरी अडचण आहे. मृत उंदरांचा डबा बर्फाच्या कपाटांत ठेवणें कित्येक आज्यांना कदापि खपणार नाहीं, आणि मी त्यांना हंसणार नाहीं. परंतु सापाला दूधभात खाऊं घालून वाढविण्याची सोय निसर्गानें ठेवलेली नाहीं. धामण गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते, ही आपल्याकडील कथा जितकी जुनी तितकीच निराधार आहे. नागपंचमीस गारुड्याचा नाग दुधाला तोंड लावतो तो तहानेनें व्याकुळ झाल्यामुळें. त्याला दूध पचत नाहीं. तेव्हां डब्याचा निकाल साप घरांत येण्यापूर्वींच लावावा. हा प्राणी बंदिवासांत वीस वर्षें जगूं शकतो. नऊ वर्षांचा मुलगा एकोणतीस वर्षांचा होईतों डबा तेथेंच राहणार.

अन्न नाकारणें म्हणजे नेहमीं आजारच असें नाहीं. कात टाकण्यापूर्वीं डोळे निळसर, धुरकट होतात, तेव्हां पुष्कळ साप खात नाहींत. वसंतांत नराचें चित्त मादीकडे लागतें. पेटी वारंवार उघडली, हाताळणी फार झाली, तरी भूक मरते. माझ्या विद्यार्थ्याची पेटी खिडकीपाशीं होती; मोजल्यावर उबेच्या टोंकालाही अवघे ६९ अंश भरले. म्हणजे सापानें खाण्याचें नाकारलें हें त्याचें शहाणपणच होतें, आणि जबडा उघडून घातलेला उंदीर त्याच्या पोटांत कुजला असता. पेटी आंतल्या भिंतीशीं नेली, गादी व थर्मोस्टॅट बसविला, आठवडाभर कोणीं हात लावला नाहीं. दहाव्या दिवशीं त्यानें एक लहान उंदीर घेतला. आजीबाईंनीं तें पाहिलें नाहीं, पण “जेवला का?” असें विचारलें.

रानांत उत्तरेकडील भागांतले हे साप हिवाळा बिळांत, जुन्या बुंध्यांत निपचित पडून काढतात. पिल्लें काढूं इच्छिणारे लोक तसाच ५० ते ५५ अंशांचा गारवा मुद्दाम देतात, परंतु त्याआधीं दोनतीन आठवडे, ऊब कायम ठेवून, अन्न बंद करतात, म्हणजे पोट रिकामें होतें. केवळ लळ्यासाठीं पाळलेल्या सापाला या विश्रांतीची गरज नाहीं. ज्यांना ती द्यावयाची असेल त्यांनीं पाण्याचें भांडें मात्र त्या दिवसांतही भरलेलें ठेवावें, आणि ऊब परत आणल्यावर चारपांच दिवस थांबूनच पहिला घास द्यावा, तोही लहान.